खळ्यावरची खोप

दरवर्षी मार्गशीर्षात एक दिवस आमच्या मुरुडच्या कोळीवाड्यातल्या होड्या दुपारपर्यंत पाण्यात जात नाहीत. सगळे बंदरावर जमतात. भूकंपात गेलेल्यांच्या नावानं दर्यात फुलं सोडतात. शेजारच्या मुसलमान मोहल्ल्यातले चारदोन म्हातारे येतात, ते त्यांची दुवा मागतात, मग चहा होतो. यंदा मला बोलायला उभं केलं, कारण त्या पहाटे जे जाणते होते त्यांतले आता फार उरले नाहीत. मी उभा राहिलो. म्हटलं, माझी वैनी गेली, तिनं मला लहानाचा मोठा केला. आणि खाली बसलो. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला भरून आलं. तसं काही नव्हतं. पुढचं जे होतं ते फुलं हातात धरून बोलण्यासारखं नव्हतं.

पुढचं असं की त्या भूकंपानंतरचे महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे. माझे आणि माझ्या बायकोचे. शहर मोडलं होतं, वैनी गेली होती, आणि आम्ही दोघं सुखात होतो. बायको गेल्या पावसाळ्यात वारली. ती होती तोवर यावर आम्ही कधी शब्द काढला नाही.

मुरुड म्हणजे काही मुंबई नव्हे. पण नवाबाची ती राजधानी. कचेरी, बाजार, दवाखाना, मोठी शाळा सगळं इथंच, म्हणून आजूबाजूच्या गावांतले आम्हाला शहरातले म्हणायचे आणि आम्हीही म्हणवून घ्यायचो. नवाबाचं राज्य गेलं तेव्हा मला मिसरूड फुटत होतं. शाळेत मी दुसरीपर्यंत गेलो, पुढं होडीवर. आईबाप लवकर गेले. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, आणि वैनी यांनी मला वाढवलं. वैनी घरात आली तेव्हा मी नाक पुसता न येणारा. ती पुसायची. दर्यात फार आत गेलो तर ओल्या दोरीनं मारायची, आणि मारून झालं की पाठीला खोबरेल लावायची. माझं लग्नही तिनंच जमवलं, काशीदकडची मुलगी बघून.

घर आमचं कोळीवाड्यातल्या सगळ्या घरांसारखं, लांबुळकं, शेजारच्याला चिकटून. पुढं पडवी आणि ओटी, मध्ये माजघर, मागं चूल. भिंती चिऱ्याच्या, पण चिरे नुसत्या मातीत बसवलेले, वर कौलं. चुलीच्या मागच्या भिंतीला लागून शेजाऱ्यांची माडी चढलेली. घरात दादा, वैनी, त्यांची दोन पोरं आणि आम्ही दोघं. आम्हाला मूल झालं नाही. आम्हाला खोलीही नव्हती. जुनी जाळी ठेवायच्या पोटमाळ्यावर आम्ही निजायचो, आणि तेसुद्धा मी दर्यावर नसेन तेव्हा. खाली कुणी कूस बदलली तर वर ऐकू यायचं, म्हणजे वरचं खाली किती जात असेल ते समजा. आम्ही कुजबुजत बोलायचो. पुढं पुढं तेही सोडलं.

आणि चूल वैनीची. बायको पाणी आणायची, मासळी साफ करायची, पाटी घेऊन बाजारात बसायची. पण चुलीपुढं बसायचं ते वैनीनं. कालवणात मीठ तिच्याच हातचं. बायकोनं एकदा भाकरी थापायला घेतली तर वैनी म्हणाली, "ठेव ती परात. तुज्या भाकरीनं होडीचं भोक बुजवायचं का?" सगळे हसले. मीही हसलो. बायको त्या दिवशी पोटमाळ्यावर माझ्याकडं पाठ करून निजली.

"मी पाहुनी हाय का ह्या घरात?" ती म्हणाली. "पाहुनीला तरी आधी वाढतात."

"वैनीला सांगू?"

"सांगा. मग पोटमाळा पण जायचा."

वैनी वाईट नव्हती. चूल हे तिचं राज्य होतं, एवढंच. तिला दुसरं काही मिळालं नव्हतं.

भूकंपाच्या पहाटे आम्ही दर्यात होतो. दादा तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, मी, आणि दोन खलाशी. आमच्या होडीला तेव्हा मशीन नव्हतं, शीड होतं. थंडी अशी की दोरी हाताला कळत नव्हती. आम्ही डोल वर ओढत होतो, म्हणजे मोठ्या पिशवीसारखं असतं ते जाळं. मध्येच होडीच्या बुडाला खालून कुणी ठोसा मारावा तसं झालं. एकदाच. दादानं वाकून पाणी बघितलं.

"खडक हाय का काय हितं?"

खडक कुठला, पाणी चांगलं खोल. एक खलाशी म्हणाला, "तांडेल, तुमची सासू आली असंल खालनं, भेटाया."

"ती आली असती तर होडी उलटी झाली असती," दादा म्हणाला, आणि आम्ही हसत पुन्हा जाळ्याला लागलो. जाळं वर आलं तर बोंबलांनी गच्च. तेवढी मासळी त्या हंगामात एकदाही मिळाली नव्हती. तिकडं घरं पडत होती तेव्हा आम्ही दर्यात सासवांवर हसत होतो. हे मी कितीतरी जणांना सांगितलं आहे, गंमत म्हणून नाही, पण लोक गंमत म्हणूनच ऐकतात.

उजाडताना किनारा दिसायला लागला. होडी आली की घरच्या एकदोन बाया पाट्या घेऊन वाळूत उभ्या असतात. त्या दिवशी सगळा कोळीवाडा वाळूत होता. बाया, गडी, म्हातारी, दुलईत गुंडाळलेली पोरं. आम्हाला काय वाटावं, तर आमच्या मासळीची खबर आमच्या आधी पोचली. तांडेलासकट सगळे खूश झालो. मी होडीच्या नाळीवर, पुढच्या टोकाला, उभा राहिलो आणि तोंडाभोवती हात धरून ओरडलो, "वैनी, पाट्या घे गं. घरातल्या सगळ्या घे. आज तुज्या टोपात मावायचं न्हाय."

कुणी हसलं नाही. मी पुन्हा ओरडलो. तेव्हा बायको कमरेएवढ्या पाण्यात चालत आली. लुगडं वर घेतलं नव्हतं, तशीच आली. होडीच्या काठाला तिनं हात लावला.

"गप ऱ्हावा," ती म्हणाली. "अवो, आधी गप ऱ्हावा."

वैनी वाळूत एका शिडावर निजवलेली होती. आमची होडी येणार म्हणून ती लवकर उठून भाकऱ्या टाकत होती. शेजारची माडी मागच्या भिंतीसकट चुलीवर आली. बायको वरून पोटमाळ्यावरून उडी मारून उतरली, ओटीवर निजलेली दोन्ही पोरं काखेत मारून बाहेर पळाली, आणि परत आत जाते तर मागचं घर नव्हतंच. मोहल्ल्यातले गडी धावत आले, त्यांनी चिरे उपसून वैनीला काढलं. तोंडाला फारसं लागलं नव्हतं. हाताला पीठ होतं, ओलं.

दादा होडीतून उतरला आणि तिच्यापाशी बसला. मग मान वर करून खलाशांना म्हणाला, "मासळी वाटून टाका. लोकांच्या चुली मोडल्यात." मोहल्ल्यातल्या लग्नाची मोठी भांडी आली, वाळूत चुली पेटल्या आणि त्या दिवशी अर्ध्या शहरानं आमचे बोंबील खाल्ले. आमच्या घरातल्यांना सुतक. आम्ही बाजूला बसून बघत होतो.

कोयनेकडं धरणापाशी जमीन फाटली म्हणे, तिथं सगळं भुईसपाट झालं. आमच्याकडं आलं ते त्यातलं उरलंसुरलं. पण जुन्या घरांना तेवढं पुरलं. बाजाराची कौलं रस्त्यावर आली. शाळेची एक भिंत बसली. कचेरीच्या कमानीला अशी फट पडली की पलीकडचं आभाळ दिसायचं. माणसं मोजकीच गेली, पण ज्याच्या घरचं गेलं त्याला मोजकीचा काय उपयोग. नंतरही जमीन अधूनमधून थरथरायची. भांडं वाजलं तरी लोक बाहेर. घरात निजायला कुणी तयार होईना. नारळाच्या वाडीत निजावं तर वरून नारळ. शेवटी कोळीवाडा खळ्यावर आला. खळं म्हणजे मासळी वाळवायची मोकळी जागा, दर्याच्या अंगाला. सरकारकडून पत्रे आले, आणि बोंबील टांगायच्या बांबूंवर ते टाकून जो तो आपापली खोप उभी करू लागला.

वैनीचे दिवस झाले. पोरांना त्यांच्या आजीनं माणगावच्या बाजूला नेलं, घर उभं राहीपर्यंत. दादा खोपीत राहायला तयार झाला नाही. होडी वाळूवर ओढून ठेवली होती, तिच्यात निजायचा. दोन वेळा आमच्या खोपीशी येऊन जेवायचा आणि न बोलता जायचा.

म्हणजे खोपीत उरलो आम्ही दोघं.

बायकोनं तीन दगड मांडले. एक उंच होता, तो वाळूत रुतवला. त्यावर पहिलं कालवण केलं ते खारट झालं. मी म्हटलं, "मीठ जास्त झालं." ती म्हणाली, "होऊ द्या. माजं हाय." आणि आम्ही एकमेकांकडं बघितलं, आणि तिला हसू फुटलं. वैनीला जाऊन किती थोडे दिवस झाले होते. तिनं तोंड दाबलं, पण ते आवरेना. मग मलाही आवरेना.

तिथून सुरू झालं ते. लग्नाला इतकी वर्षं झाली होती आणि मला बायकोची काहीच माहिती नव्हती. तिला मासळीचं डोकं आवडतं हे मला खोपीत कळलं. घरात डोकं दादाला, तांडेल म्हणून, आणि बायका शेवटी बसायच्या, तेव्हा टोपात नुसता रस्सा. खोपीत दादा जेवून गेला की ती माझ्यासमोर बसून घोळीचं डोकं चोखायची, बोटं चाटायची. ती नकला करायची. बाजारात घासाघीस करणारी कचेरीतल्या साहेबाची बायको, नाक वर करून ताजं काय शिळं काय विचारणारी, ती अशी हुबेहूब करायची की मी पोट धरायचो. ती दिवसाउजेडी माझ्याशी बोलायची. मोठ्यानं. पत्र्यावर वारा वाजायचा, बाजूला बोंबील सुकत असायचे, आणि मी दुसऱ्याच्या होडीतून दर्यावरून येताना लांबून खोपीचा धूर बघायचो आणि वल्ह्यावर हात आपोआप जोरात चालायचे.

सकाळी जाग आली की आधी सुख वाटायचं. मग वैनी आठवायची. हा क्रम मला बदलता आला नाही. पुष्कळ केलं. उठल्याबरोबर तिचं तोंड आठवायचं असं ठरवून निजायचो. उठायचो तर शेजारी बायको, आणि मी खूश.

शहर हळूहळू उठत होतं. बाजार आमच्या जुन्या शिडांखाली भरू लागला. शाळा मशिदीशेजारच्या पडवीत भरायची. कोळीवाड्यातले आणि मोहल्ल्यातले गडी आळीपाळीनं एकमेकांच्या घराला हात लावायचे, आज ह्याचं, उद्या त्याचं. पडलेलेच चिरे पुन्हा वापरले, पण आता मातीत नाही, चुन्यात. कौलांखालची वरची त्रिकोणी भिंत आता कुणी दगडाची करेना, फळ्यांची करायचे. पडली तरी माणूस मरू नये म्हणून. आमची मागची भिंत दादानं कारवीच्या कुडाची केली, शेणानं लिंपलेली, हलकी. तो स्वतः लिंपत होता. चुलीची जागा मात्र होती तीच ठेवली. तिथले चिरे त्यानं कुणाला हलवू दिले नाहीत.

मी रोज घरावर राबत होतो. चिरा उचलला की मनात यायचं, हा बसला की एक दिवस कमी. दुसऱ्यांची घरं लवकर व्हावीत, आपलं सावकाश व्हावं, असं मला वाटायचं. पण खोप राहणारी नव्हतीच. पावसात उधाणाचं पाणी खळ्यावर येतं. ज्येष्ठाच्या आत सगळ्यांना आत जायचंच होतं.

बायको एके सकाळी चुलीत फुंकर घालता घालता म्हणाली, "त्या जागेवर मी बसायची न्हाय. तिचा हात होता तिथं. आपली चूल पुढं पडवीत मांडू."

"लोक काय म्हणतील? वेगळी चूल म्हणजे घर फुटलं म्हणतील. वैनीला वर्ष झालं न्हाय."

"जेवन सगळ्यांना एकच घालीन. पोरांना पन मी बघंन. पन चूल माजी. तुमी विचारून बघा दादांना."

तिनं दादाशी स्वतः बोलणं शक्य नव्हतं. थोरल्या दिराशी आमच्यात तोंड उघडून बोलत नाहीत. लग्नापासून ती त्याच्यासमोर डोक्यावर पदर घेऊनच वावरली, त्यानं तिचं तोंड कधी नीट बघितलं नव्हतं.

घर झालं त्या दिवशी दादा सांजेला जेवायला आला. दर्याकडं तोंड करून बसला. बायको खोपीच्या आत.

"झालं घर," दादा म्हणाला. "आता चूल मांडूया. मी पोरांना आनतो."

"दादा, ती म्हनते, चूल पडवीत मांडली तर?"

त्यानं हातातला घास खाली ठेवला. ताटातच हात धुतला.

"वेगळी."

"वेगळी न्हाय. जेवन एकच. पन वैनीच्या जागेवर बसाया ती भिते."

"भिते," दादा म्हणाला. "मी होडीत पडून असतो ना, तेव्हा वारा खळ्याकडनं येतो. तुमचं हसनं ऐकू येतं मला. रोज येतं. भिनारं मानूस असं हसत न्हाय."

मी खोपीच्या दाराकडं बघितलं.

"मी वाईट बोलत न्हाय," तो म्हणाला. "हसा. ती गेली आनि तुमचं बरं झालं. कुनाचं तरी झालं. चूल तुमी कुटं बी मांडा, माजं कायच म्हननं न्हाय."

तो रागावला असता तर मी भांडलो असतो. तो खरंच बोलत होता. त्याचं काही म्हणणं नव्हतं. एवढे महिने तो होडीत एकटा पडून आमचं हसणं ऐकत होता, आणि दोन वेळा येऊन आमच्या हातचं निमूट जेवत होता.

तेव्हा बायको बाहेर आली. पदर होता डोक्यावर, पण तोंड उघडं. दादाच्या समोर उभी राहून ती त्याच्याशी पहिल्यांदा बोलली.

"दादा, चूल हाय तितंच मांडा. मी बसंन."

दादानं तिच्याकडं बघितलं. मान हलवली आणि होडीकडं गेला.

मी तिच्यावर चिडलो. "कशाला बोललीस? तो कुटं बी मांडा म्हनत होता."

"त्यांना ऐकू जात होतं," ती म्हणाली. तेवढंच. आणि ताट उचललं.

दुसऱ्या दिवशी खोप तिनंच मोडली. मला हात लावू दिला नाही. बांबू सोडले, पत्रे एकावर एक रचले, चुलीचे दगड वाळूत ढकलले. मग घरात गेली, वैनीच्या जागेवर बसली आणि पीठ मळायला घेतलं. दादा पोरांना घेऊन आला तेव्हा भाकऱ्या तयार होत्या. घोळीचं डोकं तिनं दादाच्या ताटात वाढलं आणि आपण शेवटी जेवली. पुढं सगळी वर्षं तसंच. पोरं तिनं आईच्या मायेनं वाढवली. दोघांची लग्नं केली. आणि सून घरात आली तेव्हा तिला परात धरू दिली नाही. मी एकदा बोललो, "तू पन वैनीसारखीच." ती म्हणाली, "मग कुनासारखी होनार?"

पण हसली नाही. म्हणजे हसू आलं तर पदर तोंडात धरायची, खांदे हलायचे, आवाज नाही. दादा दर्यावर गेला असेल तरी नाही. नकला तर बंदच. मी कधी तिला एकटीला गाठून साहेबाच्या बायकोची आठवण करून दिली तर डोळ्यांनी बाहेर खूण करायची, की माणसं आहेत. दादानं तिला त्यावरून कधी काही म्हटलं नाही. नंतर तो तिच्याशी बोलायचाही, जेवण चांगलं झालं तर सांगायचा. त्याच्या मनात काही राहिलं असेल असं मला वाटत नाही. राहिलं ते आमच्यात.

देवापुढं उभा राहिलो की मी म्हणतो, भूकंप व्हायला नको होता. म्हणताना खोप डोळ्यांपुढं येते आणि वाक्य पुरं होत नाही. वैनीनं ज्या हातानं मला वाढवलं त्या हाताला पीठ होतं, ओलं होतं, ते मी बघितलं आहे. तरी वाक्य पुरं होत नाही. यावर कुणी काही उपाय सांगितला तर ऐकायला मी तयार आहे, पण अजून कुणी सांगितलेला नाही.

दादा म्हातारा होऊन, अंथरुणावर पडून गेला. शेवटी त्याला ऐकूही येत नव्हतं, तरी बायकोची सवय गेली नाही. त्याचे दिवस झाले, पाहुणे गेले. घरात आम्ही दोघंच. सून बाजारात गेलेली, पोरं आपापल्या कामाला. बायको चुलीपुढं बसलेली. मी तिच्याजवळ पाटावर बसलो.

"आता हस की मोकळी," मी म्हटलं. "आता कोन हाय ऐकाया?"

तिनं माझ्याकडं बघितलं. "आता?" ती म्हणाली. "दात कुटं हायत माजे?"

आणि पदर तोंडाला लावला. खांदे हलायला लागले. मी हात पुढं करून तो पदर ओढायला गेलो, तर तिनं माझ्या हातावर चापट मारली.

"सरका तिकडं. भात करपंल."